जिवंत रांग

मार्चमध्ये, सामुद्रधुनीवर अजून बर्फाचा पापुद्रा असताना
बाबांचा पहिला फोन आला :
"तेवीस जूनची फेरी काढलीस का?"
काढली, म्हटलं.
एप्रिलमध्येही काढली म्हटलं. मेमध्ये तर वेळही सांगून टाकली,
दुपारची, चार पंचवीसची.
खोटं बोलायचं तर आकडा नेमका असावा
हे त्यांच्याकडूनच शिकले.

एकतीस वर्षं हेल्दुर, माझे बाबा,
फेरीच्या पोटात उभे राहून गाड्या लावायचे.
दोन हात, एक शिट्टी,
आणि कुठल्याही गाडीची लांबी-रुंदी नुसत्या नजरेत.
दोन आरशांमध्ये वीतभर जागा सोडायचे
आणि त्यातून आडवे होऊन स्वतः निघायचे.
घरातही तेच :
"गवत कापायला यायचं तर कधीही या.
यानिच्या रात्री यायचं, तर हिवाळ्यातच ठरवा.
त्या दिवशी अख्खा देश
एकाच फळीवरून बेटावर चढू बघतो."

आता विर्त्सुच्या धक्क्यावर मी.
तिकीटवाल्यांची रांग डावीकडे, सरकते.
बेटकऱ्यांची वेगळी, तीही सरकते.
(तालिनला जाऊन पत्ता बदलला नसता
तर मी त्या रांगेत असते.)
उरलेल्यांच्या रांगेला आमच्याकडे म्हणतात
जिवंत रांग.
मधूनच ती एक श्वास घेते, हातभर पुढे जाते,
पुन्हा निपचित.
पुढच्या गाडीच्या टपावर बांधलेल्या बर्चच्या डहाळ्या
माना टाकू लागल्यात.
मागच्या लेइडाबाई खिडकीखिडकीशी जाऊन
स्ट्रॉबेऱ्या वाटताहेत,
"नातीला घेतल्या होत्या, पण रात्रीपर्यंत
मुरंबाच होईल यांचा."
डिकीत कांद्यात मुरवलेलं मांस झिरपतंय.
रास्मुस, वय सात, गाड्या मोजतोय.

पाच वाजता फोन.
"बसलीस?"
"बसले."
"डेकवर वारा कसा आहे?"
"बरा आहे." समोर एक सीगल
चिप्सच्या रिकाम्या पुडीशी भांडत होता.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग :
"पुढे किती गाड्या आहेत?"

मी खिडकीची काच वर केली. उगाच.
मागून रास्मुस ओरडला, अठ्ठ्याऐंशी!
आणि दोन ट्रेलर!

"बोटीचे की घोड्याचे?"
"एक घोड्याचा."
पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज.
"सातची विसर. आठचीत बस असते, तीही विसर.
नऊ पाचला चढशील. उजवी कड, शेवटून तिसरी.
पोराला काहीतरी खाऊ घाल."

रागावले नाहीत.
फक्त ठेवताना म्हणाले, चार पंचवीसची म्हणे.
चार पंचवीसला फेरी नसतेच, ट्रीनू,
कधीच नव्हती.

नऊ पाचला चढले.
उजवी कड, शेवटून दुसरी.
पाणी काशाच्या ताटासारखं,
सूर्य बुडायचं नाव घेईना.
बेटाच्या काठाने शेकोट्या पेटायला लागलेल्या,
एक, मग चार, मग मोजणं सुटलं.
आपली कुठली, रास्मुसने विचारलं.
जी अजून पेटली नाही ती.

कुइवास्तुच्या उतारावर पिवळ्या जाकिटातला एक पोरगा,
आणि त्याच्या चार पावलं मागे, कुणी न बोलावलेला
एक म्हातारा.
पोराने हात हलवला : ये, सरळ ये.
म्हाताऱ्याने हात हलवला : जरा डावीकडे.

मी डावीकडे घेतली.