पिठाच्या खुणा

आधी साखर आली, खांदा नंतर.
कुताइसीच्या डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा
बाद्री हसला, म्हणजे खांदा तिचं धाकटं भावंड का?
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, पंधरा वर्षं रक्त गोड राहिलं की
सांध्याचं आवरण आखडतं,
उन्हात विसरलेल्या चामड्यासारखं.

त्याचा उजवा हात म्हणजे आमचं दुकान.
जमिनीत पुरलेल्या भट्टीत कमरेपर्यंत वाकायचं,
होडीसारखा लांबट पाव आतल्या मातीला थापायचा
आणि जाळ भुवयांना लागायच्या आत वर यायचं.
रोज दोनशे वेळा, चाळीस वर्षं.
आता तोच हात
मागच्या खिशातल्या रुमालापर्यंत जात नाही.

इंजेक्शन दिलं. खांदा जरासा निवला,
साखर मात्र आठवडाभर पेटली.
दुखण्याच्या गोळ्या द्याव्यात तर मूत्रपिंडं आधीच कुरकुरतात.
हाडांच्या डॉक्टरांनी साखरेच्या डॉक्टरांकडे पाठवलं,
त्यांनी हृदयाच्या.
तो अगदी कोवळा पोरगा, गिवी नावाचा.
सगळे कागद पसरून बसला आणि कबूल केलं त्याने
की या सगळ्यांना एकत्र बसवेल असं टेबल
त्यांच्या इस्पितळात नाही.

माझ्या स्वयंपाकघरात आहे एक.
त्यावर मी गोळ्या मांडते, सकाळच्या, दुपारच्या,
आणि त्या एकमेकींशी भांडतात का ते
चष्मा लावून वाचते.

रात्रीचं काय सांगू.
उजव्या कुशीवर ठणका.
डावीकडे, गळ्याजवळच्या हाडाखाली, पेसमेकर,
त्या कुशीवर वळायला तो घाबरतो.
पाठीवर झोपला तर घोरता घोरता श्वासच विसरतो.
म्हणून खुर्चीत झोपतो, रिओनी नदीकडे तोंड करून,
आणि मी पलंगावर,
एवढ्या जागेचं काय करावं हे न कळून.

मार्चमध्ये ओतिया गेला, समोरचा, घड्याळं दुरुस्त करायचा तो.
सहा जण हवे होते, पाचच होते.
सगळ्यांनी बाद्रीकडे पाहिलं
आणि लगेच दुसरीकडे.
खांदा द्यायला खांदा नव्हता.
तो मागून चालला, ओतियाची टोपी छातीशी धरून.
घरी येऊन अख्खा पाव खाल्ला, उभ्या उभ्या.
मी काही बोलले नाही.
सकाळी यंत्राचा आकडा बोलला.

व्यायाम सोपा दिसतो:
बोटांनी भिंत चढायची, कोळ्यासारखी, जमेल तिथवर.
त्याने भिंत नाही, दाराची चौकट निवडली,
जिथे दरवर्षी आमच्या नातीची, दारेजानची,
उंची पेन्सिलीने आखलेली आहे.
पीठ मळायला तो अजून बसतो, डाव्या हाताने,
उजवा नुसता परातीत ठेवून.
मग त्या पिठाचे ठसे रेघांशेजारून वर सरकतात.
पावसाळी हवेत खाली येतात.
काल तो तिच्या सहाव्या वाढदिवसाला पोचला.
ती आता अकराची आहे.
आजोबा, लवकर मोठे व्हा, म्हणाली,
आणि तो इतका हसला की दंड धरून खाली बसला.

चौकट मी पुसत नाही.

भट्टीत हल्ली मी वाकते. पाव जरा वाकडे होतात,
गिऱ्हाइकं तरीही नेतात.
फक्त गेल्या पंधरवड्यापासून
आतल्या कपड्याचा हूक लावताना
माझा डावा हात अर्ध्यातच अडतो.
थायरॉइडची गोळी मी बारा वर्षं घेते आहे.
दोन्ही कागद एका खणात ठेवलेत,
अजून कुणाला दाखवले नाहीत.