उंबरठ्यातला दगड

ताल्लिन. फेब्रुवारी. टेकडी चढताना
नाकातल्या नाकात श्वासाचे काटे होतात.
तूमकिरिक बाहेरून इतकं पांढरं, इतकं साधं,
की बर्फ समजून मी एकदा पुढेच निघून गेलो.

दाराशी लाकडी केबिनात एक बाई,
चार सुयांवर अडकलेला अर्धा मोजा.
"वीस मिनिटं उरलीत," ती म्हणाली,
"तिकीट मात्र अख्खंच पडेल."
इंग्रजी तिचीही उसनी, माझीही,
त्यामुळे आमचं बरं जमलं.

आत पाऊल टाकणार तोच, "थांबा."
थांबलो. एक पाय हवेत.
खाली लांबरुंद दगड, अक्षरं झिजलेली.

"इथे एक जहागीरदार झोपलाय.
म्हणतात, बाया, बाटल्या, जुगार, सगळं करून झालं
आणि मरताना घाबरला.
म्हणाला, मला दारातच पुरा,
येणाऱ्याजाणाऱ्या भल्या माणसांचे पाय लागू देत,
तेवढीच पापं झिजतील.
तुम्ही ठेवा पाय. पाहुणे आहात.
मी एकोणतीस वर्षं ओलांडून जाते."

"भीती वाटते?"

"छे! साहेबांच्या इच्छा पुरवणं
आमच्या घरात पणजीपर्यंत चाललं.
पुरे झालं."

मी पाय ठेवला. बूट ओला होता.

आत भिंती दिसतच नाहीत.
पार वरपर्यंत लाकडी ढाली,
सिंह, शिरस्त्राणं, पिसारे, सोनेरी मुलामा,
कुळाचं नाव, जन्माचा आकडा, मरणाचा आकडा.
मानपानावरून रुसलेले सगळे सोयरे
लग्नाच्या मांडवात एकदम उठून उभे राहावेत, तसे.
खाली त्यांची बाकं, प्रत्येकाला दार, दाराला कडी.
देवासमोरही यांना आपापली खोली लागे.

ती विणत विणत मागून आली.
"आमचे ते. खांबाआडचे, काळवंडलेले.
म्हणजे, आम्ही त्यांचे.
गाई, गवत, गिरणी, आणि आम्ही.
आडनाव नव्हतंच. पुढे सुटका झाली,
तसा कारकून टेबल मांडून नावं वाटायला बसला.
आमच्या माणसाची पाळी येईतो दुपार कलली,
बरी बरी नावं संपली होती.
कारकुनाने खिडकीबाहेर पाहिलं.
कादाकास.
खडकात उगवतं ना, ते काटेरी झुडूप.
मी हेल्वे कादाकास." छातीवर हात ठेवायला गेली
आणि सुई टोचली. स्वतःशीच हसली.

माझं आडनाव एका गावावरून आलंय.
ते गाव मी पाहिलेलं नाही.
हे सांगायचं मनात आलं, पण ती टाके मोजत होती.

"वसंतात शिडी लावून मीच पुसते सगळ्यांना.
सिंहांच्या तोंडात फार जाळी होतात.
बोटं घालावी लागतात, दातांमधून."

"राग नाही येत?"

अठरा, एकोणीस, वीस.
"येतो. सोमवारी.
सोमवारी आम्ही बंद असतो."

वर ऑर्गनपाशी कुणीतरी एकच सूर दाबून धरला,
बहुधा सूर लावणारा.
तो सूर इतका लांबला की मला वाटलं
आता कुणीतरी त्याला उत्तर द्यायला हवं.
मग तोही थांबला.
दिवे एकेक करून जाऊ लागले.
ढालींवरचं सोनं सगळ्यात शेवटी विझलं.

बाहेर पडताना तिने चौकट धरली,
दुखऱ्या गुडघ्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून
दगडापलीकडे नेला, मग दुसरा.
मी तिच्या मागून लांब ढांग टाकली.
का, ते मला नीट सांगता येणार नाही.

वळून पाहिलं तर मघाचा माझा ठसा
बर्फाचं पाणी होऊन अक्षरांत उतरला होता.
झिजलेली तीनचार अक्षरं
ओलाव्याने काळी होऊन वाचता येत होती.

तिनेही पाहिलं. जीभ टाळ्याला लावून च्च केलं,
मोजा पिशवीत कोंबला, फडकं काढलं.
"ओलं राहिलं तर रात्री गोठतं,
आणि दगड फुटतो."

आणि चौकटीला धरून, कण्हत,
हेल्वे कादाकास खाली बसली,
त्याचं नाव कोरडं करू लागली.