लवेच्या उलट

इस्त्री तापली की मी ती आधी
जुन्या वर्तमानपत्रावर फिरवतो.
कागद पिवळा पडला तर थांबतो.
मग सुरुवात, पांढरा बॉल जिथून निघतो तिथून
काळ्याच्या टोकापर्यंत, एका दमात, सरळ.
परतताना इस्त्री उचलून आणायची.
टेकवत आणली तर
मांजरीच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखं
कापड तुमच्याकडे बघतं.

माझा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
त्याला एकदा सांगितलं, बाबा, बारा फुटी टेबल,
वर लोकरीचं हिरवं कापड, बाहेरदेशातून येतं,
त्याला एका दिशेची लव असते.
म्हणाला, "असते म्हंजे?
कापडाले दिशा नसन तर पोतं म्हन त्याले."
मग विचारलं, मीटरले किती?
मी आकडा सांगितला.
तो बराच वेळ हातातल्या धोट्याकडे बघत राहिला.

सिव्हिल लाइन्सच्या क्लबात फायनल. मे महिना, सत्तेचाळीस.
गेटवरचा कावळा चोच उघडी टाकून बसलेला,
आणि आत लोक स्वेटर घालून.
बॅनरवर सोनेरी अक्षरं: राष्ट्रीय व्यावसायिक स्नूकर अजिंक्यपद.
त्यातला व्यावसायिक, बेळगावचा प्रसन्न कट्टी,
वय एकेचाळीस, तीन वेळा उपविजेता,
सीताबर्डीच्या लॉजवरून शेअर ऑटोनं आला,
क्यूची पेटी मांडीवर आडवी घेऊन.

सामन्याला तास होता. माझं टेबल अर्धं झालं होतं.
तो शर्ट घेऊन आला.
"लॉजवर लाईट नाही हो. कॉलरला जरा मारून द्याल?"
टेबलाची इस्त्री शर्टाला लावायची नसते,
खळ चिकटते. हे मला माहीत आहे.
तरी लावली. कॉलर, बाह्या, मग पाठसुद्धा,
कारण पाठ प्रेक्षकांकडे असते.
मग तळ पुसला, गडबडीत उरलेलं टेबल ओढलं.
मधल्या पॉकेटपाशी इस्त्री कोमट झाली होती.
रेफ्री पांढरे हातमोजे चढवत होता.
मी म्हटलं, झालं.

माझी पोरगी दाराशी उभी राहून रंग मोजत होती.
"पिवळा आहे, गुलाबी आहे, मातकटसुद्धा आहे.
नारिंगी काऊन नाही बाबा? नागपुरात खेळून रायले ना?"
मी तिला गप्प केलं. एवढ्या मोठ्या दालनात
खडूची निळी भुकटी सांडली तरी आवाज होईल असं वाटत होतं.

आठ-आठ. शेवटची फ्रेम. टेबलावर फक्त काळा.
चेन्नईचा तो पोरगा खुर्चीत टॉवेल चावत बसलेला.
कट्टी वाकला. पाठीवर एक सुरकुती नाही.
काळा मधल्या पॉकेटला, हळू, लवेच्या उलट.
जोरानं मारला असता तर लवेला विचारावं लागलं नसतं.
पण काळा मारल्यावर पांढराही आत जाऊ शकतो, म्हणून हळू.
अलीकडे ओढणार हे धरून त्यानं नेम थोडा पलीकडे घेतला होता.
जेवढी लव ओढते, बरोबर तेवढा.
ती तेवढी ओढत नाही, थोडी जास्त ओढते,
हे त्या दालनात एकाच माणसाला ठाऊक होतं.

बॉल अलीकडच्या जबड्याला लागला. एकदाच. टक्.

पुढचं पेपरात आलं.

टाळ्या संपल्यावर तो क्यू पेटीत ठेवत होता.
मी जवळ गेलो. तोंड उघडलं.
"शर्ट छान झाला होता," तो म्हणाला,
आणि मला शंभराची नोट देऊ लागला.
मी घेतली नाही. मग घेतली.
न घेणं जास्त संशयास्पद वाटलं असतं.

रात्री अकराला टेबलावर चादर टाकण्याआधी
मधल्या पॉकेटपाशी तळहात उलटा फिरवून पाहिला.
काही लागलं नाही.

बापाच्या हाताला लागलं असतं.