अर्धा चोक

एक लाख चाळीस हजार फ्रँकला घेतली.
त्यातले साठ हजार भिशीचे,
बाकी नवऱ्यामुलींच्या पाच झग्यांचे
आणि एका शिलाई मशीनचे,
तसंही ते धागा खात होतं.
शंभर सीसी. रंग मूळचा लाल असावा.
टाकीवर खिळ्याने कोरलेलं नाव: कोजो.
कोण कोजो, विकणाऱ्यालाही ठाऊक नाही.
मी तिची तिसरी मालकीण. किंवा पाचवी.

गल्लीत सगळी वाळू, चाक लटपटतं.
दोन्ही पाय सोडून
बदकासारखं फतफत जायचं डांबरापर्यंत.
त्यानंतर मात्र बघावं.

सकाळी सातला कोतोनूच्या पुलावर
भाड्याच्या मोटारसायकलवाल्यांचा लोंढा,
पिवळे शर्ट, पिवळे शर्ट,
आणि त्यात मी, मागे बावीस वार कापड बांधून.
आरसा एकच, उजवा.
डावीकडून जे येईल ते येईल.

पेट्रोल आफियावीच्या टेबलावर मिळतं,
काचेच्या बाटल्यांत,
सीमेपलीकडून रातोरात आलेलं.
बाटली उन्हात धरायची.
फार गडद दिसलं तर रॉकेल मिसळलंय.
फार फिकं दिसलं तरी मिसळलंय.
ती फडक्यातून गाळून ओतते
आणि पैसे पुढच्या ब्लाउजच्या शिलाईत वळते करते.

बायका विचारतात, परवडते का गं?
ऑइल महिन्याला. प्लग
पॉलिश पेपरने घासून घासून
अगदीच मान टाकेल तेव्हा.
चेन ढिली पडते, आवळते, पुन्हा ढिली पडते.
मशीनच्या कुपीतलं तेल चेनला पुरत नाही
हे एकदा करून पाहिल्यावर कळलं.
सीट मीच शिवली, खुर्चीच्या रेक्झिनची, दुहेरी टीप.
मीटर एकेचाळीस हजार दोनशे सातवर थांबलाय.
तेव्हापासून तिचं वय वाढलेलं नाही.
माझं वाढलं.

एकदा लग्नाचा झगा हँडलला टांगून निघाले.
पांढरा. चर्चमध्ये दहाला हवा होता.
जुन्या पुलाच्या मधोमध बाई गप्प.
किक मारल्या. बारा. तेरा.
पोटरीत गोळा आला.
खाली खाडी, वर माशांचा वास,
मागे हॉर्न,
आणि प्रत्येक हॉर्नचं आपलं एक मत.
झग्याची पिशवी कठड्याला अडकवली,
कात्रीच्या टोकाने स्क्रू फिरवून कार्ब्युरेटर उघडला.
जेटमध्ये कचरा, राईएवढासुद्धा नाही.
माझ्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असते,
नऊ नंबरची.
तिने तो काढला. फुंकर मारली.
हात कोपरापर्यंत काळे,
म्हणून पिशवीचा बंद दातांत धरून
चर्चपर्यंत गाडी हाणली.
उशीर झाला नाही. पाद्रीच उशिरा आला.
ती सुई आता पान्यांच्या डब्यात असते.

जानेवारीत उत्तरेकडून धूळ उतरते,
ओठ फुटतात, समोरचं घर दिसत नाही,
आणि सकाळी ती अडून बसते.
मी चोक ओढायची पुरता,
ती तोंडभर पेट्रोल पिऊन
आणखीच रुसायची.

अशाच एका दिवशी सिग्नलला
एक म्हातारा रस्ता ओलांडताना थबकला,
काखेत लांब पाव.
टाकीवर बोट ठेवलं, न बघता,
बरोबर नावावर.
म्हणाला, "धुळीच्या दिवसांत चोक पुरता ओढू नका.
अर्धा. मग दोन श्वास थांबा."
तुम्हीच का ते, असं विचारेस्तोवर
हिरवा पडला,
मागच्यांची मतं सुरू झाली,
क्लच सुटला.

आरशात पाहिलं.
आरसा उजवा. तो डावीकडे गेला होता.

आता अर्धाच ओढते. दोन श्वास थांबते.
तरी एखाद्या सकाळी सात किक लागतातच.