संपर्क होऊ शकला नाही

गुरुवार. नऱ्हे फाट्यावर जेसीबीनं
तिसऱ्यांदा तोच खड्डा उघडला
आणि माझी नाव नदीच्या मधोमध थांबली.

वल्हं वर, तसंच.
त्याच्या टोकाला थेंब, पडायचा राहिलेला.
काठावरचा बगळा एका पायावर होता,
तो एका पायावरच.
आणि सगळ्यावर एक करडी चौकट:
संपर्क होऊ शकला नाही.

कुणाशी?
या खेळात मी एकटा आहे.
एक नावाडी, एक नदी, दोन तीर.
उतारू म्हणाल तर कधी एखादी शेळी,
कधी कुणाची तरी पत्र्याची पेटी, पलीकडे पोचवायची.
मारामारी नाही, कुणाला हरवणं नाही.
दिवसभर काउंटरवर बोलून तोंड आंबतं,
म्हणून घेतला होता हा, न बोलणारा.

वृंदा कणीक मळता मळता विचारते,
"एकटाच खेळतोस ना? मग नेट कशाला?"
म्हटलं, वर विचारावं लागतं.
"वर म्हणजे?"
वर म्हणजे कुठल्याशा देशात, थंडगार खोलीत
एक यंत्र आहे, त्याला.
दर थोड्या वेळानं ते खात्री करून घेतं
की मी चोर नाही.

अठरा वर्षं नाना पेठेत स्पेअर पार्ट विकतोय.
क्लचप्लेट, ब्रेकशू, अ‍ॅक्सिलरेटरची वायर.
गिऱ्हाईक पैसे देतं, पार्ट नेतं,
मग तो कात्रजचा घाट चढो नाहीतर भंगारात जावो.
अजून कुणी भर रस्त्यातून फोन केलेला नाही:
"ढमढेरे, किक मारू का?"

खालच्या मजल्यावरचा ओजस, बारावीचा,
कुठून तरी फुकट उतरवलेला हाच खेळ खेळतो.
त्याची नदी जेसीबीला ओळखत नाही.
लिफ्टमध्ये भेटला की, "काका, धबधबा लागला का?"
मी बोनसमधले साडेतीन हजार मोजलेत.
धबधबा नाही लागला.

संध्याकाळी केबलवाला इर्शाद खड्ड्यात उतरला.
केसाहून बारीक काच तो जोडत होता,
मी वरून मोबाईलचा उजेड धरलेला.
"हलू नका साहेब," म्हणाला.
मी श्वासही जपून घेतला.
घरी येऊन बघतो तर नाव परत अलीकडच्या तीराला,
आणि शेळी नाही.

जानेवारीत मेल आली. एकतीस मार्चनंतर
सेवा बंद. आपल्या प्रेमाबद्दल आभार.

मार्चअखेर, दुकानात स्टॉक मोजायचा.
नटबोल्ट मोजून अकराला घरी आलो,
धबधब्याकडे गेलोच नाही.
एका झाडाला नाव बांधली आणि बगळा बघत बसलो.
त्यानं पाय बदलला. मासा पकडला, सोडला.
पहाटे कधीतरी तिकडच्या घड्याळात बारा वाजले,
आणि इथं माझे.

ओजस पेनड्राइव्ह घेऊन दारात.
"काका, यात आहे सगळं. कुणाला विचारत नाही."
या हातानं मी आजवर नकली पार्ट दिला नाही.
पण मी चोर नाही, हे तपासणारंच आता कुणी नव्हतं.
बघू, म्हणालो.
पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये आहे, पावतीच्या शेजारी.

तबकडी वृंदानं उरलेल्या लोकरीनं
बाल्कनीत टांगली, कबुतरांसाठी.
ती वाऱ्यावर फिरते.
उन्हाचा एक तुकडा ओट्यावरून छतावर जातो,
तिथून माझ्या ताटात.
आजही गुरुवार, पंखा बंद.
वृंदा पोळी वाढते, वर बघते,
"चला," म्हणते, "लाईट गेली तरी हे चालतंय."