दोन झाकणं

खाजा पेंटरनं विचारलं ते ह्यांना.
ह्यांनी माझ्याकडं बघितलं.
ट्रॅक्टर मी चालवते, हे सेलूच्या बायपासवर
अजून सगळ्यांना ठाऊक नाही.

"लॅकर मारू का इनॅमल, बाजी?"
आता मला, पण डोळे बॉनेटवर.

लॅकर म्हणजे, तो म्हणाला,
थिनरात फिरवायचं, फवाऱ्यानं उडवायचं,
चहा उकळायच्या आत वाळतं.
वरून दुसरा हात, तिसरा, पाचवा,
मग पाणी घेऊन पॉलिश पेपर,
मग चोळायचं, चोळायचं.
"आरसाच बगा. मिशा दिसतील."
ह्यांचा हात मिशीला गेला.

"आन् इनॅमल?"
"इनॅमल आळशी. रातभर वल्लाच.
धूळ बसती, चिलटं बसतेत,
सकाळी बगावं तर बॉनेटवर जत्रा भरलेली.
पर एकदा वाळला की
बैलासारखा. मारा, हालत नाही."

तिसऱ्या हातचा ट्रॅक्टर.
लाल खरवडला तर खाली निळा निघाला,
निळ्याखाली लांबी, लांबीखाली पुन्हा लाल,
कंपनीचा, जुन्या कुंकवासारखा.
मडगार्डवर कुणाचं तरी नाव होतं, रंभाजी,
पेपर फिरता फिरता रं गेला.
धाकटा मोठ्यानं वाचतो: भाजी.
दोन दिवस घरात तेच हसू.

मी सांगितलं, थांबा.
तेलाच्या डब्यांची दोन झाकणं दिली,
एकावर हे, एकावर ते.
गच्चीच्या कठड्यावर, मावळतीकडं,
जिथं चैतातलं ऊन संध्याकाळपर्यंत हटत नाही.
आठ दिवस नुसतं ऊन.
नवव्या दिवसापासून रोज एक चमचा डिझेल.
सिंधूवहिनी पलीकडून: "काय, लोणचं मुरवायलात का?"
हो म्हटलं.

एकविसाव्या दिवशी लॅकर
काठाला टाचेसारखं भेगाळलेलं.
मध्ये नख लावलं, नख लाल झालं.
इनॅमल निस्तेज, सुस्त,
एक चिलट पोटात घेऊन बसलेलं, पायांसकट.
नखानं खरवडलं. चिलटही निघेना.

एवढंच असतं तर सोपं होतं.

पण पहिल्या संध्याकाळी
गच्चीवर कुणी नसताना
मी लॅकरच्या झाकणात बघितलं होतं.
कपाळ, रुमालाच्या खाली काळं, वर गोरं,
नांगरटीच्या सरीसारखी रेघ मधोमध.
किती वेळ बघत होते कोण जाणे.
खालून हाक आली तेव्हा झाकण पालथं घातलं,
चोरी केल्यासारखं.

हे म्हणाले, "मग लॅकरच मारू की.
झाकून ठेवू."
झाकून ठेवायला तो काय शालू आहे?
ढेकळं फोडायचीत त्यानं, डिझेल सांडायचंय,
तुरीच्या पळाट्या बाजूनं घासत जायच्यात.
"इनॅमल," मी म्हटलं.
म्हणताना घशात जरा थिनर गेल्यासारखं झालं.

बायपासला ट्रक थांबत नाहीत, म्हणून घरी अंगणात.
अंगण शिंपलं, ताडपत्री बांधली,
झाडू लपवून ठेवला, कोंबड्या डालल्या.
शेजारी ज्वारीचं मशीन चालू होणार होतं,
त्यांना जाऊन सांगितलं, उद्या करा बाबा.
संध्याकाळपासून घरातली सगळी
चवड्यांवर चालायला लागली,
आत कुणी आजारी असल्यासारखी.
मधल्या रात्री मी कंदील न घेता उठले.
अंधारात नुसता वास होता, जड, गोडसर.

सकाळी बॉनेटवर दोन चिलटं
आणि ज्वारीचं एक फोलपट.
खाजा सुई घेऊन वाकला.
मी म्हटलं, राहू द्या.
"राहू द्या? लोक मला काय म्हनतील?"
"राहू द्या म्हटलं ना."

त्यानं सुई टोपीत खोचली.
बारीक ब्रश काढला, पिवळा डबा उघडला,
मडगार्डजवळ उकिडवा बसला
आणि ह्यांच्याकडं न बघता विचारलं,
"नाव काय टाकू?"

टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली
भेगाळलेलं झाकण मी आधीच सरकवलं होतं.

"आधी वाळू द्या," मी म्हटलं.