अंगठा

आमची आय सिंगापूरची.
ऑफिसात असं म्हटलं की सगळे आधी माना वर करतात,
मग सांगावं लागतं, पुरंदरातल्या. दिवे घाट चढून पुढे,
जिथे दिवसातून तीन एसट्या,
आणि त्यातली एक न येणारी.

नाव गजराबाई.
गजरा माळलेला मी कधी पाहिला नाही.
डोक्यावर चुंबळ पाहिली, चुंबळीवर पाटी,
पाटीत अंजिरं, प्रत्येकाखाली त्याच्याच झाडाचं पान,
पोर दुपट्यावर निजवावं तसं.
घरात आम्ही खायचो ती पाखरांनी चोचलेली.
"पाखरू कडू फळाला तोंड लावत न्हाई," म्हणायची,
आणि ते खरंच होतं.

पहाटे चारची गाडी.
खट्ट्या बहारात थंडी मणक्यात शिरायची.
उजाडायच्या आत मंडईत बूड टेकलं पाहिजे,
नाहीतर आपला भाव दुसराच ठरवतो.
हिशेब सगळा हातावर:
चार बोटं, बोटाला तीन पेरं, मोजायला अंगठा.
झाला डझन.
तिच्या हातून डझन कधी अकराचा झाला नाही.
बाळंतिणीला न्यायची आहेत म्हटलं कुणी,
तर तेरावं वरून टाकायची, न मोजता.

अंजिराला चीक असतो.
देठ मोडला की दुधासारखा येतो, आणि कातडं खातो.
चाळीस वर्षं तिने तो बोटांवर घेतला.
रात्री चुलीपुढे बसून गोडंतेल चोळायची.
आप्पा गेले तेव्हा माझी आई चौथीत, धाकटा मामा रांगता.
त्याच बोटांनी तिघांना वाढवलं,
मग तिघांची आम्ही सात.
मी झाडापाशी गेले की बांधावरून ओरडायची,
"मागं हो! तुझं हात वहीला हायेत."

मग रेशनच्या दुकानात ते यंत्र आलं.
कोंडे म्हणाला, आजी, अंगठा ठेवा.
ठेवला. पदराला पुसून ठेवला. थुंकी लावून ठेवला.
डावा, उजवा, मग एकेक बोट करंगळीपर्यंत.
यंत्र दर वेळी तेच: पुन्हा प्रयत्न करा.
रांगेतलं माणूस न् माणूस तिला ओळखत होतं,
दाराशी बांधलेली शेळी ओळखत होती,
खुद्द कोंडे तिच्याच हातावर जन्मलेला.
तो खाली मान घालून म्हणाला, मी तरी काय करू.
घरी येऊन पाणी प्याली आणि हसली.
"जलमभर अंगठेबहाद्दर म्हनून हिणवलं.
आता म्हंत्यात, अंगठाबी न्हाई."
मग मागच्या महिन्याचे तांदूळ निवडायला बसली.

गेली ती मिठ्या बहारात, ऐन तोडीला.
तिला हे आवडलं नसतं.
तिसऱ्या दिवशी शेवंतामामीने डोळे पुसले, पाटी उचलली.
झाडाला सुतक कळत नाही, पिकलेलं थांबत नाही.
चौकटीला, जिथे ती उठताना हात टेकायची,
तेलकट काळा डाग आहे.
मोबाईलचा उजेड पाडून मी पाहिलं, रेषा दिसतात का.
गुळगुळीत होता, पाट्यासारखा.

रजा चारच दिवसांची.
सोमवारी हडपसरला कामावर आले.
दारातल्या यंत्रावर अंगठा टेकला.
एका दमात हिरवा दिवा. माझं नाव, माझा फोटो,
वेळ नऊ वाजून बारा मिनिटं.
मागचा मुलगा म्हणाला, मॅडम, चला ना.
मी बाजूला झाले, खिडकीशी, उजेडात.
अंगठ्यावर भोवरा आहे,
गच्च, बारीक,
एक रेष खाल्लेली नाही.

पुढच्या रजेचा अर्ज टाकायचा होता.
तारीख काढायला पेरांवर दिवस मोजू लागले,
करंगळीपासून, तिच्यासारखे.
बाराव्या पेरावर अंगठा थांबला.
तेराव्याला जागा नव्हती.